ट्रकचे पासिंग वाढले की रस्त्याचे काय होते?

सोलापूरहून पुणे आणि मुंबईकडे सिमेंट व साखर नेणाऱ्या, स्वतःच्या तीन सहा टायर गाड्या असलेल्या एका वाहतूकदाराने विचारले आहे: "२०१८ मध्ये सरकारने पासिंग (गाडीला मंजूर असलेले मालासकट एकूण वजन) वाढवले, तरी भाडे वाढले नाही, ओव्हरलोड थांबला नाही आणि रस्ते पूर्वीसारखेच उखडतात. मग या मर्यादा नेमक्या कशासाठी असतात? त्या आणखी वाढवल्या तर आमच्या धंद्याला फायदा होईल का? आणि चौथी गाडी घ्यायची झाली तर कोणती घ्यावी?"

प्रथम हे सांगतो की मी वाहतूकदार नाही. रस्त्याच्या थरांची जाडी ठरवणे आणि त्यासाठी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या ॲक्सलवर, म्हणजे चाके जोडणाऱ्या आडव्या आसावर, येणारे वजन मोजणे हे माझे गेल्या चोवीस वर्षांचे काम आहे. त्यामुळे ट्रककडे मी खालून वर पाहतो. आधी टायर, मग कमानपाटे, मग हौदा, आणि मालाचा मालक मला सगळ्यात शेवटी दिसतो. उत्तराचा कल कुठे झुकतो आहे हे आपल्या लक्षात यावे म्हणून हे आधीच नोंदवले.

मर्यादा दोन प्रकारच्या असतात, आकाराच्या आणि वजनाच्या. आकाराच्या मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत: रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नको, सांगाडा एकसंध असलेल्या मालट्रकची लांबी १२ मीटरपेक्षा जास्त नको, वगैरे. आपल्या सिमेंटला आणि साखरेला त्यांचा फारसा जाच नाही, कारण हौदा पूर्ण भरायच्या आतच वजन पूर्ण होते. ज्यांच्या मालाला जागा लागते पण वजन नसते, म्हणजे फ्रीज, बिस्किटे, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांना लांबी-उंचीची मर्यादा आधी आडवी येते. म्हणून तर बत्तीस फुटी बंद गाड्यांचा एक वेगळाच बाजार आहे. २०१८ च्या बदलाने वजन वाढले, जागा वाढली नाही, त्यामुळे त्या बाजाराला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. आपला प्रश्न वजनाचा आहे, म्हणून यापुढे वजनाचेच बोलू.

वजनाच्या मर्यादेत बहुतेक जण एकच आकडा लक्षात ठेवतात, तो म्हणजे गाडीचे मालासकट एकूण वजन. आपण त्यालाच पासिंग म्हणतो. पण हा आकडा मूळचा नाही, तो बेरजेचा आहे. कायद्याने मर्यादा घातली आहे ती प्रत्येक ॲक्सलवर, आणि ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज म्हणजे गाडीचे पासिंग. १९९६ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलला ६ टन, मागच्या चार टायरच्या एकेरी ॲक्सलला १०.२ टन, मागच्या जोड ॲक्सलला १९ टन आणि ट्रेलरच्या तिहेरी ॲक्सलला २४ टन अशा मर्यादा होत्या. सहा टायर गाडीचे १६.२ टन म्हणजे ६ अधिक १०.२, दहा टायरचे २५ टन म्हणजे ६ अधिक १९, आणि सर्वांत मोठ्या ट्रेलरचे ४९ टन म्हणजे ६, १९ आणि २४ यांची बेरीज. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने हे आकडे अनुक्रमे ७, ११.५, २१ आणि २७ टन झाले. सहा टायर गाडी १८.५ टनांवर गेली आणि ट्रेलर ५५ टनांवर. ही अधिसूचना निघाल्यावर चारच दिवसांनी वाहतूकदारांचा देशव्यापी चक्काजाम सुरू झाला होता हे आपल्याला आठवत असेल. त्यांच्या मुख्य तक्रारी डिझेल आणि टोलच्या होत्या, आणि त्या पासिंग वाढवून सुटण्यासारख्या नव्हत्या.

एकूण वजन आणि ॲक्सलचे वजन यांतला फरक मी पहिल्यांदा पुस्तकात वाचला, पण तो खरा कळला एका रात्री. ही गोष्ट २०१८ च्या आधीची. एका राज्य महामार्गावर आम्ही चोवीस तासांची ॲक्सल मोजणी लावली होती. त्यासाठी दोन चपटे धातूचे पाट रस्त्यावर ठेवतात, एक डाव्या चाकांखाली आणि एक उजव्या. त्यांच्या वायरी एका लहानशा डब्याला जोडलेल्या असतात आणि गाडी सावकाश पुढे घेतली की एकेका ॲक्सलचे वजन पडद्यावर उमटते. पहाटे तीनच्या सुमारास सळई भरलेली एक सहा टायर गाडी थांबवली. हवालदाराला पाहून चालकाने खाली उतरण्याआधीच काट्याची पावती काढली: "सोळा टन शंभर किलो आहे साहेब, पासिंगच्या आत आहे." पावती खरी होती. पण सळई हौद्यापेक्षा लांब, म्हणून ती फाळक्यावरून मागे काढून ताडपत्रीच्या दोरीने बांधलेली, आणि त्यामुळे सगळा भार मागे कललेला. पुढचा ॲक्सल ३.९ टन दाखवत होता, मागचा १२.२. गाडी कायद्यात बसत होती, मागचा ॲक्सल पूर्ण दोन टनांनी बाहेर होता. चालकाला ते पटले नाही, आणि आम्हाला दंड करायचा नव्हताच, त्यामुळे तो चहा पिऊन निघून गेला. मी मात्र वहीत हिशेब मांडला, तेव्हा त्या एका ॲक्सलने रस्त्याची केलेली झीज कायदेशीर ॲक्सलच्या दुप्पट निघाली. दोन टनांनी, म्हणजे वीस टक्क्यांनी वजन वाढले आणि झीज दुप्पट झाली.

असे का होते, हे समजायला अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाकडे जावे लागते. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्त्यांची वर्तुळे बांधली, त्यांचे थर कुठे जाड, कुठे पातळ ठेवले आणि सैन्याच्या चालकांनी ठरावीक वजनाचे ट्रक त्यांवरून रात्रंदिवस फिरवले. कोणत्या वजनाला कोणता रस्ता किती फेऱ्यांत खचतो याची नोंद ठेवल्यावर ढोबळ नियम असा निघाला की रस्त्याची झीज ॲक्सलच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज दुप्पट नव्हे, सोळा पट. हा काही निसर्गाचा अटळ नियम नाही. थर, माती आणि हवामान बदलले की घातांकही थोडा इकडेतिकडे सरकतो. पण साठ वर्षांनंतरही आपल्याकडची रस्त्यांची रचना त्याच पायावर होते. भारतीय रस्ते महासभेची आयआरसी ३७ ही डांबरी रस्त्यांची मार्गदर्शिका रस्त्याचे आयुष्य वर्षांत मोजत नाही, ८.१६ टनांचा एक प्रमाण ॲक्सल धरून, असे किती लाख किंवा कोटी ॲक्सल रस्ता सोसेल, यात ती आयुष्य मोजते. वर्षे नंतर, रहदारीवरून काढायची.

या मापाने पाहिले तर १०.२ टनांचा ॲक्सल एका फेरीत सुमारे २.४४ प्रमाण ॲक्सलइतकी झीज करतो आणि ११.५ टनांचा ३.९४ इतकी. म्हणजे २०१८ मध्ये मागच्या ॲक्सलवर वजन वाढले पावणेतेरा टक्के, झीज वाढली साठ टक्क्यांहून जास्त. आपली मोटार या हिशेबात धरायचीसुद्धा गरज नसते; तिच्या ॲक्सलपेक्षा ट्रकचा हा ॲक्सल लाखभर पटीने जास्त झीज करतो. मोटारींमुळे रस्ते खराब होतात असे कोणी म्हणाले तर खुशाल दुर्लक्ष करावे.

इथे आपण म्हणाल की गाडीत माल जास्त मावतो, मग फेऱ्या कमी होत असतील. बरोबर आहे, आणि तो हिशेब केलाच पाहिजे. सहा टायर गाडी बॉडीसकट रिकामी सव्वासहा टनांच्या आसपास धरली, तर पूर्वी ती दहा टन माल न्यायची, आता सव्वाबारा. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल धरून एका टन मालामागे पूर्वी ०.३१ प्रमाण ॲक्सलची झीज होत होती, आता ०.४२. म्हणजे फेऱ्या कमी झाल्या हे जमेस धरूनही तेवढाच माल नेताना रस्ता सुमारे पस्तीस टक्क्यांनी जास्त झिजतो. आता ५५ टनांचा ट्रेलर घ्या. पुढे ७, मध्ये जोड ॲक्सलवर २१, मागे तिहेरीवर २७, आणि माल साधारण ३८ टन. जोड आणि तिहेरी ॲक्सलचे प्रमाण वेगळे असते, कारण जवळजवळ बसवलेली चाके भार वाटून घेतात; त्या प्रमाणाने मोजले तर त्याची झीज एका टन मालामागे ०.१८ येते. रस्त्यावर ज्याला पाहून लोक नावे ठेवतात तो अजस्र ट्रेलर, प्रत्येक टनामागे, आपल्या सहा टायर गाडीच्या निम्म्याहूनही कमी झीज करतो.

माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे: वजन किती, यापेक्षा ते किती ॲक्सलवर वाटले आहे हे महत्त्वाचे. वजनमर्यादा वाढवणे वाईटच असे नाही. ॲक्सल न वाढवता वाढवणे वाईट. फिनलंडने २०१३ मध्ये ७६ टनांच्या गाड्यांना परवानगी दिली, पण त्या गाड्यांना नऊ ॲक्सल लागतात. स्वीडननेही नंतर काही ठरावीक रस्त्यांवर ७४ टनांपर्यंत मुभा दिली. आपण २०१८ मध्ये चालत्या ॲक्सलवरच भार वाढवला. ११.५ टन हा आकडा युरोपातल्या ओढणाऱ्या ॲक्सलच्या मर्यादेइतकाच आहे, म्हणून तो आधुनिक वाटतो. परंतु तिथे बहुतेक मोठ्या गाड्यांना हवेचे सस्पेन्शन असते, आणि आपल्या सहा टायर गाडीला कमानपाटे असतात, ज्यांत ओव्हरलोडसाठी एखादे पान जास्तच घातलेले असते. गाडी खड्ड्यातून उसळून आदळते तेव्हा कडक कमानपाट्यांमुळे रस्त्यावर पडणारा धक्का काट्यावरच्या वजनापेक्षा बराच मोठा असतो.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. १९९६ नंतर ट्रक सुधारले, ब्रेक सुधारले, राष्ट्रीय महामार्ग रुंद आणि जाड झाले, आणि प्रत्यक्षात गाड्या १६.२ टनांच्या कितीतरी वर भरल्या जातच होत्या. जे चालले आहे ते कायद्यात बसवायचे आणि मग कायदा कडक करायचा, हा विचार चुकीचा नव्हता. त्यातला दुसरा अर्धा भाग अर्धवट राहिला.

हा दुसरा भाग अर्धवट का राहतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, तरी आकडे मांडून पाहू. समजा सोलापूर ते पुणे टनामागे ७०० रुपये भाडे मिळते आणि आपण चार टन जास्त भरलेत. वरची मिळकत २,८०० रुपये. जास्तीच्या डिझेलचे सहाशे रुपये वजा केले तर २,२०० उरतात, कारण चालकाचा पगार, टोल, हप्ता, विमा हे सगळे आधीच्या टनांनी भरून काढलेले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये असा आहे. चार टनांना २८,०००. म्हणजे साधारण तेरा फेऱ्यांत एकापेक्षा कमी वेळा पकडले जाण्याची खात्री असेल, तर ओव्हरलोड परवडतो. दुरुस्तीपूर्वी हाच दंड किमान २,००० आणि टनाला १,००० होता, म्हणजे चार टनांना ६,०००. तेव्हा तर तीन फेऱ्यांत एकदा पकडले तरी चालत होते. यात मी टायर, कमानपाटे आणि क्लच यांची झीज धरलेली नाही, कारण ओव्हरलोड भरणारे बहुतेक जण तीही धरत नाहीत. ती वर्षअखेरीस गॅरेजच्या बिलात येते आणि मग नशिबाला दोष दिला जातो.

कायद्यात त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी दंडापेक्षा जास्त बोचते: जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. ही तरतूद काटेकोर पाळली गेली तर ओव्हरलोड आठवडाभरात कमी होईल असे मला वाटते, कारण महामार्गाच्या कडेला चार टन सिमेंट उतरवायला हमाल कुठून आणायचे, त्यावर ताडपत्री कोण घालणार आणि रात्री राखण कोण करणार? याच्या नेमके उलट पूर्वी काही राज्ये करत होती. ठरावीक रक्कम घेऊन महिनाभर ओव्हरलोड चालवण्याची कार्डे आणि टोकने तिथे सरकारच देत असे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात हा प्रकार बेकायदेशीर ठरवला. त्यानंतर जास्त ॲक्सलच्या गाड्यांची मागणी वाढली, आणि रस्त्याच्या दृष्टीने मला तो काळ चांगला वाटतो: तेवढाच माल न्यायला लोकांनी जास्त चाके विकत घेतली.

आता आपल्या भाड्याचा मुद्दा. २०१८ मध्ये देशातल्या प्रत्येक ट्रकची क्षमता एका अधिसूचनेने, एक नवा ट्रक न घेता, बारा ते वीस-बावीस टक्क्यांनी वाढली. त्याच्या एक वर्ष आधी जीएसटी आल्यामुळे राज्यांच्या सीमांवरचे जकात-विक्रीकराचे नाके उठले होते आणि गाड्यांच्या फेऱ्या आधीच जलद झाल्या होत्या. माल तेवढाच आणि गाड्यांची ताकद जास्त, म्हणजे भाडे पडणारच. ज्यांच्याकडे माल असतो त्या कंपन्यांचा दर टनावर ठरतो. पासिंग वाढल्यावर पुढच्या करारात त्यांनी टनाचा दर खाली आणला, आणि बचत त्यांच्याकडे गेली. गाडीमालकाचा हप्ता मात्र तोच राहिला. २०१९ मध्ये अवजड ट्रकची विक्री कोसळली, त्यामागे वित्तसंस्थांची टंचाई, मंदावलेली मागणी अशी बरीच कारणे होती, पण नव्या पासिंगमुळे निर्माण झालेली जास्तीची क्षमता हे त्यांपैकी एक होते. म्हणून "मर्यादा आणखी वाढवली तर आम्हाला फायदा होईल का" याचे माझे उत्तर असे आहे की पहिले तीन-चार महिने होईल, त्यानंतर तो फायदा माल पाठवणाऱ्याचा होईल आणि खर्च रस्ता बांधणाऱ्याचा, म्हणजे टोल आणि कर भरणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. शिवाय रस्त्याने अवजड माल स्वस्त झाला की जो सिमेंट-पोलादाचा माल रेल्वेने जायला हवा तोही रस्त्यावर येतो, आणि आपली स्पर्धा वाढते.

रस्ते पूर्वीसारखेच उखडतात, असे आपण लिहिलेत. सगळा दोष ओव्हरलोडला देणे सोयीचे असले तरी खरे नाही. सोलापूर, लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता बांधताना खालचे थर नीट घातले नाहीत आणि बाजूची गटारे काढली नाहीत, तर कायदेशीर वजनाच्या गाडीखालीसुद्धा रस्ता खचतो. पाणी आणि वजन एकत्र आले की काम लवकर होते, इतकेच. ओव्हरलोडची स्वतःची खूण वेगळी असते. चाकांच्या वाटेवर दोन लांब चाकोऱ्या पडतात, विशेषतः चढावर आणि टोलनाक्याच्या अलीकडे, जिथे गाड्या सावकाश चालतात आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर भार जास्त वेळ राहतो. किंवा चाकाच्याच वाटेत मगरीच्या पाठीसारख्या भेगांचे जाळे उमटते. काँक्रीटच्या रस्त्याचा स्वभाव आणखी निराळा आहे. स्लॅबवर येणारा ताण त्याच्या ताकदीच्या पंचेचाळीस टक्क्यांखाली राहिला तर कितीही गाड्या जावोत, त्याला थकवा येत नाही, असे आयआरसी ५८ मध्ये धरले आहे. पण त्या रेषेच्या बरेच वर गेले की थोड्याच फेऱ्यांत स्लॅब तडकतो. मधल्या गाड्यांना तो माफ करतो, अतिओव्हरलोडला नाही.

सर्वांत जास्त भोगतात ते गावाकडचे रस्ते. महामार्ग कोट्यवधी प्रमाण ॲक्सलसाठी बांधलेला असतो, गावाला जोडणारा रस्ता दहा लाखांसाठीसुद्धा नसतो. आणि त्याच रस्त्यावरून वाळू, खडी, मुरूम आणि हंगामात ऊस जातो. वाळूचा घोळ आपल्याला ठाऊक असेलच: रॉयल्टी भरायची ब्रासवर आणि पासिंग टनांत. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. वाळू ओलसर असेल तर एका ब्रासचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते, नदीतून नुकतीच काढलेली निथळती वाळू असेल तर त्याहून जास्त. दहा टायर हायवा (डंपर) रिकामा अकरा टन धरला तर २८ टनांच्या पासिंगमध्ये १७ टन माल बसतो, म्हणजे चार ब्राससुद्धा पुरते नाहीत. प्रत्यक्षात बोली असते ती "सहा ब्रासची गाडी" अशीच. तिचे एकूण वजन ३८ टनांवर जाते. त्यांतले ३० टन मागच्या जोड ॲक्सलवर आले तर एका खेपेची झीज सतरा-अठरा प्रमाण ॲक्सलइतकी होते. रोज पन्नास खेपा, वर्षाचे तीनशे दिवस, असा हिशेब मांडा: पाच लाख प्रमाण ॲक्सलसाठी बांधलेला रस्ता दोन वर्षांत संपतो. मग ग्रामसभेत ठेकेदाराच्या नावाने बोंब होते. कधी कधी ठेकेदार खरोखरच दोषी असतो, पण सहा ब्रासच्या गाडीचे नाव त्या सभेत कोणी काढत नाही, कारण ती गावातल्याच कोणाची तरी असते.

पुलांबद्दल एक गैरसमज दूर करतो. चौथ्या घाताचा नियम रस्त्याच्या थरांना लागू आहे, पुलांना नाही. दोन-तीन मीटरच्या मोरीवर एका वेळी एकच ॲक्सल किंवा जोड ॲक्सल उभा राहतो, म्हणून मोरीला ॲक्सलचे वजन कळते. पंचवीस-तीस मीटरच्या गाळ्यावर पूर्ण गाडी मावते, म्हणून त्याला एकूण वजन आणि ॲक्सलमधले अंतर कळते. तेच ५५ टन लांब ट्रेलरवर पसरले तर पूल सोसतो, आखूड गाडीत कोंबले तर त्याला ते जड जाते. आयआरसीच्या नियमांत पुलांसाठी धरलेली ७०-आर वर्गाची चाकांची गाडी १०० टनांची आहे, त्यामुळे त्या वर्गाच्या नव्या पुलांना कायदेशीर ट्रेलरची भीती नाही. काळजी आहे ती जुन्या पुलांची, ज्यांची रचना हलक्या वर्गाच्या गाड्यांसाठी झाली होती आणि ज्यांच्या दोन्ही टोकांना लावलेली वजनमर्यादेची पाटी कोणी वाचत नाही.

अंमलबजावणीत मला सर्वांत उणीव जाणवते ती वजन कुठे मोजायचे या प्रश्नाची. परिवहन खात्याचे वायुवेग पथक गाडी पकडते ती रस्त्यावर, म्हणजे चूक होऊन गेल्यावर आणि शंभर किलोमीटर झीज झाल्यावर. ओव्हरलोड भरला जातो तो कारखान्याच्या, खाणीच्या किंवा घाटाच्या फाटकात, आणि तिथे बहुधा काटा असतोच. त्या काट्याशिवाय मालाचे बिल होत नाही. गाडीचा क्रमांक, तिचे नोंदणीतले वजन आणि ई-वे बिलातला माल या तिन्ही गोष्टी आता संगणकावर आहेत. पासिंगमध्ये न बसणाऱ्या मालाचे बिल त्या गाडीच्या क्रमांकावर निघूच नये, एवढे केले तर निम्म्याहून अधिक काम होईल असे माझे मत आहे. कलम १९४ मध्ये गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी "चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा" हाही दोषी आहे. पण मालकाला ते ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरू शकते, अशी तरतूद कलम ११३ मध्ये आहे ती गाडीमालकाबद्दल. माल भरणाऱ्याबद्दल तसे गृहीतक नाही. म्हणून दंडाची पावती नेहमी आपल्या नावाने फाटते, ज्याने सहा ब्रास मागितले त्याच्या नावाने नाही. वाहतूकदारांच्या संघटनांनी पासिंग वाढवून मागण्याऐवजी या एका गृहीतकासाठी भांडायला हवे होते, असे मला बऱ्याचदा वाटते.

आता चौथ्या गाडीचे. सोलापूर-पुणे-मुंबई मार्गावर परतीचा माल मिळत असेल आणि भरणे-उतरवणे दोन्हीकडे मोठ्या गाडीला जागा असेल, तर सहा टायरऐवजी जास्त ॲक्सलची गाडी घ्यावी. टनामागचे डिझेल आणि चालकाचा खर्च कमी पडतो, आणि पासिंगमध्ये राहूनही धंदा जमतो. गल्लीबोळांतल्या दुकानांना साखर पोचवायची असेल तर सहा टायरला पर्याय नाही. लिफ्ट ॲक्सल असलेली गाडी घेतलीत तर चालकाला एक गोष्ट बजावून ठेवा: तो ॲक्सल उचलायचा तो गाडी रिकामी असतानाच. चढावर पकड मिळावी म्हणून भरल्या गाडीत तो उचलला की त्याचा सगळा भार शेजारच्या ॲक्सलवर जातो. रस्त्याचे जाऊ द्या, आपलेच टायर आणि बेअरिंग आधी जातात. उतारावर तर भरल्या गाडीच्या ब्रेकची गरमी वजनाच्या प्रमाणात वाढते, हे पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या कोणाही चालकाला वेगळे सांगावे लागू नये. तरीही तिथे डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणारे आहेत.

बॉडी बांधून घेताना कारागिराकडून वजन लिहून घ्या. मजबूत हवी म्हणून चॅनेल आणि पत्रा जाड घातला की पाचशे किलो सहज वाढतात, आणि तेवढे दहा पोती सिमेंट आपण रोज रस्त्यावर सोडून येता. बॉडी झाल्यावर गाडी रिकामी काट्यावर न्या आणि पावती जपून ठेवा. भरल्यावर नेहमीच्याच काट्यावर ॲक्सलचे वजनही काढता येते: आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन आकडा पाहायचा, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाके खाली उतरवून फक्त मागची. पुढचा आणि मागचा आकडा मिळून पूर्ण गाडीच्या आकड्याच्या जवळपास आला पाहिजे. बराच फरक पडला तर काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काट्याशी समतल नाही असे समजावे आणि दुसऱ्या काट्यावर जावे. मागचा आकडा ११.५ च्या वर आणि पुढचा ५ च्या खाली दिसला, तर माल कमी करायची गरज नाही. पोत्यांची शेवटची रांग फाळक्याकडून काढून केबिनकडे रचायला सांगा. हमाल कुरकुर करतील, पण अर्ध्या तासाचे काम आहे.